देवाला मानतोस, ते कशासाठी?

बायबलच्या जुन्या करारात ईयोबाची गोष्ट आहे. माणूस सरळ, देवाला भिऊन वागणारा आणि चांगला सुखवस्तू. सात मुलगे, तीन मुली, हजारोंनी मेंढरं आणि उंट. देव त्याचं कौतुक करतो, तेव्हा सैतान एकच प्रश्न विचारतो. ईयोब तुला भितो, ते काय उगाच? तूच त्याच्याभोवती कुंपण घातलंयस, त्याच्या हाताला यश दिलंयस. हे सगळं काढून घे, मग बघ तो काय बोलतो.

श्रद्धेमागचा हेतू तपासणं हे अलीकडच्या नास्तिकांनी काढलेलं खुसपट आहे, असं पुष्कळ श्रद्धावंतांना वाटतं. पण हा प्रश्न त्यांच्याच पवित्र ग्रंथात आहे, आणि तिथे देव तो उडवून लावत नाही. तो परीक्षा होऊ देतो. येशूनेही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. लोकांनी बघावं म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल तो म्हणाला, त्यांना त्यांचं फळ मिळून चुकलं आहे. तू आतल्या खोलीत जा, दार लाव आणि मग प्रार्थना कर. दार लावल्यावर बघणारं कुणी उरत नाही, आणि मग आपण प्रार्थना का करतोय हे निदान आपल्याला तरी कळतं.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत झाली की सगळा वाद भरकटतो. एक, सांगितलेली गोष्ट खरी आहे का? दुसरा, सांगणारा ती का सांगतोय आणि मानणारा ती का मानतोय? समजा एक जण म्हणाला, नदीवरचा पूल खचलाय, नवा बांधायला हवा. मागाहून कळलं की नव्या पुलाचं कंत्राट त्याच्या भावाला मिळणार आहे. एवढ्यावरून पूल धडधाकट ठरतो का? नाही. खांबापाशी जाऊन भेगा आहेत का ते बघावं लागेल. सांगणाऱ्याचा स्वार्थ उघडा पडला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. पण खांबापाशी जाताच येत नसेल आणि केवळ त्याच्या शब्दावर पैसे मोजायचे असतील, तर भावाचं कंत्राट हीच सगळ्यात मोलाची माहिती होते.

धर्माच्या बाबतीत बहुतेक वेळा आपल्याला खांबापाशी जाता येत नाही. मेल्यानंतर काय होतं, देवाची इच्छा काय, अमुक वचनाचा खरा अर्थ काय, हे कुणीतरी सांगतं आणि आपण ऐकतो. म्हणून सांगणाऱ्याला हेतू विचारण्यात उद्धटपणा नाही. जितकं एखाद्याच्या शब्दावर विसंबायचं, तितका त्याचा हेतू तपासायचा आपला हक्क मोठा. हे मला मनापासून पटलेलं आहे, आणि पुढचं सगळं त्याच एका मुद्द्याभोवती आहे.

आधी मानणाऱ्याकडे बघू. माणूस देवाला का मानतो? जन्म त्या घरात झाला म्हणून, भीती वाटते म्हणून, एकटं पडायला नको म्हणून, दुःखात आधार हवा म्हणून, आणि खरोखरच काही अनुभवलं म्हणूनही. फ्रेंच गणिती पास्कल याने सतराव्या शतकात यात उघडउघड हिशेब मांडला. त्याची टिपणं त्याच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये छापली गेली. देव असेल आणि तू त्याला मानलंस तर अनंत लाभ, नसेल तर फारसं काही बुडत नाही, म्हणून मानण्यावर पैज लाव, असा त्याचा युक्तिवाद. त्यावर १८९६ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स म्हणाला की असा हिशेब करून स्वीकारलेल्या श्रद्धेत श्रद्धेचा प्राणच नसतो, आणि आपण देवाच्या जागी असतो तर असल्या भक्तांना त्या अनंत लाभापासून दूर ठेवण्यात आपल्याला विशेष आनंद वाटला असता. जेम्सचं म्हणणं मला पटतं. तरी पास्कलवर अन्याय नको. पैज ही त्याच्या दृष्टीने फक्त पहिली पायरी होती. चर्चला जात राहा, नेमधर्म पाळत राहा, खरी श्रद्धा हळूहळू येईल, असं तो पुढे सांगतो. हेतू वाटेत बदलू शकतो, हे त्याला ठाऊक होतं.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न जास्त धारदार झाला. फॉयरबाख या जर्मन विचारवंताने १८४१ मध्ये मांडलं की माणूस स्वतःतलं जे उत्तम आहे ते आकाशात नेऊन ठेवतो आणि त्याला देव म्हणतो. तीन वर्षांनी मार्क्सने धर्माला अफू म्हटलं. अफू सगळ्यांना पाठ असते, तिच्या लगतचे शब्द मात्र फारसे कुणी वाचत नाही: धर्म हा पिचलेल्या जिवाचा सुस्कारा आहे, निर्दय जगाचं हृदय आहे. त्या काळी अफू हे दुखणं थांबवणारं औषधही होतं. दुखणं कुठून आलं, हा मार्क्सचा खरा प्रश्न. मग मनोविश्लेषक फ्रॉइड आला. धर्म म्हणजे बापाच्या छत्राची मोठेपणी उरलेली ओढ, असं त्याने १९२७ मध्ये लिहिलं. पण इच्छेतून जन्मलेली समजूत खोटीच असते असं नाही, ही कबुली त्याने स्वतःच दिली आहे. साध्या घरातल्या मुलीला वाटतं की राजपुत्र येईल आणि आपल्याशी लग्न करील. असं घडू शकतं, कधीकधी घडलंही आहे. म्हणजे फ्रॉइडसुद्धा पुलाच्या खांबापाशी पोहोचत नाही, तो फक्त भावाचं कंत्राट दाखवतो. शिवाय हे अस्त्र उलटही फिरतं. कुणी आपल्यावर नजर ठेवणारं नसावं, ही इच्छासुद्धा इच्छाच आहे, आणि नास्तिकाच्या मनातही ती असू शकते.

मानसशास्त्रज्ञांनी यातून एक कामाचा फरक हाती दिला. गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकल रॉस यांनी १९६७ मध्ये चर्चला जाणाऱ्यांचा अभ्यास करून म्हटलं की काहींचा हेतू बाहेरचा असतो, काहींचा आतला. बाहेरच्या हेतूचा माणूस प्रतिष्ठेसाठी, ओळखीपाळखींसाठी, सुरक्षिततेसाठी धर्म वापरतो. आतल्या हेतूचा माणूस धर्म जगतो. इतर वंशांबद्दलचे पूर्वग्रह बाहेरच्या हेतूवाल्यांमध्ये जास्त दिसले. बाक एकच, प्रार्थना एकच, पण शेजारी बसलेल्या दोघांचा धर्म वेगळा.

तरीही आजारी मुलाच्या उशाशी बसून प्रार्थना करणाऱ्या आईला तिचा हेतू विचारायला मी जाणार नाही. तिच्या प्रार्थनेत भीती आहे, आशा आहे, थोडा सौदाही असेल. असू दे. तिची सत्ता कुणावर चालत नाही. पण ‘तुझा विश्वास कमी पडला म्हणून मूल बरं झालं नाही’ असं तिला सांगणारा जो कुणी आहे, त्याला विचारलंच पाहिजे. मूल बरं झालं तर श्रेय त्याच्या प्रार्थनेला, न झालं तर दोष आईला. कधीच खोटी पडू शकणार नाही अशी ही व्यवस्था कुणाच्या सोयीची आहे?

इथून खरा विषय सुरू होतो, अधिकाराचा. ख्रिस्ती धर्मात अधिकार कुठून येतो, याची उत्तरं पंथागणिक बदलतात. कॅथलिक म्हणतात, येशूने आपला शिष्य पेत्र याला म्हटलं की या खडकावर मी माझी मंडळी रचीन, आणि पेत्राचा वारसा पोपकडे आला. ऑर्थोडॉक्स चर्च बिशपांच्या परिषदांना आणि परंपरेला मानतं. प्रोटेस्टंट म्हणतात, अधिकार फक्त बायबलचा. पण बायबलचा अर्थ सांगणारा माणूसच असतो, त्यामुळे पाळकाच्या, म्हणजे तिथल्या धर्मगुरूच्या, शब्दाला तिथेही वजन येतंच.

अधिकाराशी पैसा जोडला जाईल, ही भीती अगदी सुरुवातीपासून होती. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्यं’ या पुस्तकात शिमोन नावाचा जादूगार पेत्राला पैसे देऊन पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत मागतो आणि पेत्र त्याला खडसावतो. याच शिमोनच्या नावावरून युरोपीय भाषांमध्ये धर्मपदाच्या खरेदी-विक्रीला शब्द पडला. असा शब्द रोज लागल्याशिवाय रुळत नाही. ३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली आणि धर्मगुरूंना नगराच्या खर्चिक जबाबदाऱ्यांतून सूट दिली. मग सधन नागरिक धर्मगुरू व्हायला इतके उत्सुक झाले की ते थांबवायला त्यालाच कायदा करावा लागला. एका पिढीपूर्वी ख्रिस्ती असणं जिवावर बेतत होतं.

या कॉन्स्टंटाइनच्या नावावर एक दानपत्र होतं. त्यात लिहिलं होतं की पोप सिल्व्हेस्टरने सम्राटाचा कुष्ठरोग बरा केला, आणि सम्राटाने कृतज्ञतेपोटी रोम, इटली आणि पश्चिमेकडचं साम्राज्य पोपच्या हवाली केलं. शतकानुशतकं पोपच्या राजकीय सत्तेसाठी हा कागद पुढे केला गेला. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाला या विद्वानाने तो वाचायला घेतला, एकेक शब्द तपासत. रोमच्या अधिकाऱ्यांच्या यादीत त्याला ‘सत्रप’ सापडले. सत्रप म्हणजे इराणी सुभेदार! चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाच्या दरबारात ते कुठून आले? कॉन्स्टँटिनोपल हे शहर अजून उभंच राहिलं नव्हतं, आणि दानपत्र त्याला मोठं धर्मपीठ म्हणून मोजत होतं. लॅटिनही त्या काळाची नव्हती. कागद बनावट होता, आठव्या शतकाच्या आसपास कुणीतरी रचलेला.

या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढेच आहे. व्हाला हा आरागॉनचा राजा अल्फोन्सो याच्या पदरी होता, आणि नेपल्सच्या गादीवरून अल्फोन्सोचं त्या वेळच्या पोपशी भांडण चालू होतं. म्हणजे व्हालाचा हेतूही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. धन्याच्या फायद्याचंच तो लिहीत होता. पोपचे समर्थक हे बोट दाखवून म्हणू शकले असते आणि त्यात तथ्यही होतं. पण सत्रप कागदावर होतेच. इथे खांब समोर होता, भेगा कुणालाही दिसत होत्या, त्यामुळे व्हालाच्या हेतूने काही फरक पडत नव्हता. ‘आमच्या शब्दावर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्याचा हेतू तपासायचा, ‘हे बघा, स्वतः वाचा’ म्हणणाऱ्याचा पुरावा तपासायचा. पुढे काही वर्षांनी खुद्द पोपच्या दरबारात व्हालाला नोकरी मिळाली.

दानपत्र जुनं प्रकरण होतं. १५१७ चं प्रकरण जर्मनीतल्या गरिबाच्या खिशापर्यंत आलं. अल्ब्रेख्ट नावाच्या उमरावाला एकाहून जास्त धर्मपीठं, म्हणजे बिशपच्या गाद्या, हवी होती. त्यासाठी रोमची खास परवानगी लागे आणि तिला पैसे पडत. त्याने फुगर या सावकारी पेढीकडून कर्ज काढलं. ते फेडायला त्याच्या मुलखात पापक्षमापत्रं विकायची परवानगी मिळाली. अर्धे पैसे रोममधल्या सेंट पीटरच्या नव्या चर्चला, अर्धे कर्जफेडीला. गावोगावी प्रवचनकार सांगत की हे पत्र घेतलं तर शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी पापं जिथे जाळली जातात तिथे, होरपळणारे तुमचे मेलेले आईबाप सुटतील. पत्र घेणाऱ्या बाईला फुगरच्या कर्जाची गंधवार्ताही नव्हती. मार्टिन ल्यूथरच्या ९५ मुद्द्यांपैकी बरेच धर्मशास्त्राचे आहेत, पण काही थेट हेतूलाच हात घालतात. ८२ वा मुद्दा म्हणतो, पोपला आत्मे सोडवता येतात तर तो प्रेमापोटी सगळ्यांना एकदम का सोडवत नाही, पैशासाठीच का सोडवतो? ८६ वा म्हणतो, पोप आज सगळ्यात श्रीमंतांहून श्रीमंत आहे, मग हे एक चर्च तो गरीब श्रद्धावंतांऐवजी स्वतःच्या पैशाने का बांधत नाही? हे प्रश्न सामान्य लोकांच्या तोंडी आहेत, असं ल्यूथर स्वतः सांगतो. विचारणारे आधीपासून होते, त्याने ते लिहून काढले. आणि हाच ल्यूथर १५२५ मध्ये बंड केलेल्या शेतकऱ्यांना ठार मारा असं राजेलोकांना लिहून गेला. त्याला आश्रय देणारे राजेच होते.

आता लंडनमध्ये १८०७ साली छापलेलं एक बायबल डोळ्यांसमोर आणा. वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश मळ्यांवरच्या गुलामांसाठी निवडलेले भाग, असं त्याच्या नावातच म्हटलंय. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात, यात फक्त १४ पुस्तकांचे तुकडे आहेत. जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के भाग गायब, नव्या कराराचा जवळपास अर्धा. योसेफाची गोष्ट ठेवली आहे: भावांनी विकलेला मुलगा धन्याकडे इमानाने राबतो आणि वर येतो. मोशेने इस्राएली लोकांना मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून बाहेर काढलं, ती पानं नाहीत. ‘दास नाही आणि स्वतंत्र नाही, तुम्ही सगळे ख्रिस्तात एक आहात’ हे गलतीकरांच्या पत्रातलं वाक्य नाही. ‘दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा’ हे इफिसकरांच्या पत्रातलं वाक्य मात्र जागेवर आहे.

मळेवाल्यांनी परवानगी द्यावी म्हणून मिशनऱ्यांना असं करावं लागलं असेल, असा बचाव कुणी करील. पण कात्री कुठे चालली ते बघा. छापलेला प्रत्येक शब्द बायबलचाच होता, एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी ते पुस्तक धन्याच्या बाजूने बोलत होतं. अधिकाराचा हेतू ओळखायचा तर तो काय सांगतो याच्या जोडीला तो काय गाळतो हेही बघावं लागतं. जी गोष्ट कापली गेली, तीच अमेरिकेतल्या गुलामांनी आपल्या गाण्यांमध्ये जिवंत ठेवली. मोशे, मिसर, यार्देन नदी. आणि गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्ये लिहिलं की या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तो ख्रिस्ती होता, म्हणूनच त्याला ते अंतर असह्य झालं.

‘सत्ता माणसाला भ्रष्ट करते’ हे वाक्य आपण राजकारण्यांना उद्देशून वापरतो. ते मुळात पोपांवरून झालेल्या वादातलं आहे. ते लिहिणारा इंग्रज इतिहासकार लॉर्ड ॲक्टन कॅथलिक होता. मँडेल क्राइटन या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) इतिहासकाराने जुन्या पोपांबद्दल फार मवाळ लिहिलं, म्हणून ॲक्टनने १८८७ मध्ये त्याला पत्र पाठवलं. त्याचं म्हणणं असं की पोप किंवा राजा आहे म्हणून त्याने काही चुकीचं केलं नसेल असं आधीच धरून चालणं मला मान्य नाही. उलट सत्ता जितकी जास्त तितका संशय जास्त हवा.

यात एक गाठ आहे, आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपण हेतू म्हटलं की पैसा, वासना, खुर्ची एवढंच डोळ्यांपुढे आणतो. पण सगळ्यात जास्त नुकसान करणारा हेतू कर्त्याला पवित्र वाटत असतो. २००२ मध्ये बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने उघड केलं की मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठांनी एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवलं होतं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनीच करवून घेतलेला अभ्यास आला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाले होते, एकूण संख्येच्या सुमारे चार टक्के. फ्रान्समधल्या स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये १९५० पासूनच्या पीडित मुलांचा अंदाज २,१६,००० असा दिला. झाकणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यातून एक पैसाही मिळवला नाही. चर्चची बदनामी नको, साध्या लोकांची श्रद्धा डळमळायला नको, या भावनेने त्यांनी कागद दडवले आणि आईबापांना गप्प राहायला सांगितलं. श्रद्धा वाचवायची म्हणून मुलं वाऱ्यावर सोडली. बॉस्टनच्या कार्डिनलने डिसेंबर २००२ मध्ये राजीनामा दिला, आणि २००४ मध्ये त्याला रोममधल्या एका मानाच्या चर्चचा प्रमुख नेमलं गेलं.

प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं, यावरून अधिकाराचा हेतू बऱ्याचदा सगळ्यात लवकर कळतो. पंडिता रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. वर्ष-दीड वर्षातच खटके उडू लागले. त्रैक्यासारखी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) तत्त्वं त्यांना बायबल वाचून पटत नव्हती आणि त्या तसं स्पष्ट सांगत होत्या. त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार म्हटल्यावर बिशपांनी हरकत घेतली. आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी १८८५ मध्ये कळवलं की भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता धर्मगुरू सांगतील ते सगळं देवाची आज्ञा म्हणून मानून तसलंच दुसरं जोखड घ्यायची माझी तयारी नाही. सिस्टरना यात गर्व आणि हट्टीपणा दिसला. म्हणजे रमाबाईंच्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी त्यांच्याच हेतूवर बोट ठेवलं गेलं. हे आजही तसंच होतं. हिशेब मागितला की ‘तुझ्या मनात कटुता आहे’, वचनाचा अर्थ विचारला की ‘तुझा अहंकार आडवा येतोय’. त्यातलं थोडं खरंही असू शकतं, व्हालाच्या बाबतीत होतंच. पण हिशेब तरीही दाखवावा लागतो. रमाबाई अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिल्या, आणि पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल स्वतः मराठीत आणलं. मूळ शब्दापर्यंत स्वतः जायचं, मधल्या कुणाच्या सांगण्यावर थांबायचं नाही, हा त्यांचा हट्ट तिथेही दिसतो.

ईयोबाकडे परत येते. सगळं गेल्यावर तो राखेत बसला. तीन मित्र आले आणि देवाची बाजू घेऊन बोलू लागले: देव न्यायी आहे, तुझ्यावर हे आलं त्या अर्थी तू पाप केलं असणार, कबूल कर. ईयोब कबूल होईना. तो थेट देवाला जाब विचारत राहिला, कडवट, कधी उर्मट वाटावा अशा शब्दांत. शेवटी देव बोलतो, आणि रागावतो ते त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाही, असं तो त्यांना म्हणतो. मग देवाचे ते तिन्ही वकील बैल आणि मेंढे घेऊन ईयोबाकडे जातात, आणि ईयोब त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. तेव्हा त्याची गुरंढोरं अजून परत आलेली नसतात.